पाचारण आणि बंद दारे

धर्मगुरू अथवा व्रतस्थ होण्यासाठी येणाऱ्या ईश्वरी हाकेला मराठी भाषक कॅथलिक समाज ‘पाचारण’ म्हणतो. ही हाक तरुणांनी ऐकावी यासाठी काय करावे, याची चिंता आज चर्चला आहे. घरे लहान झाली, उपजीविकेच्या वाटा वाढल्या. आपल्याकडील जुना इतिहास पाहता मात्र प्रश्न उलटा दिसतो. हाक ऐकणारे होते. त्यांच्यासाठी दार उघडत नव्हते.

वर्गात वसई म्हटले की विद्यार्थ्यांना चिमाजी आप्पा आठवतात. त्याच वसईत सोळाव्या शतकात पोर्तुगीज पिता आणि भारतीय माता यांच्या पोटी गोन्सालो गार्सिया जन्मले. येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखाली शिकून ते किशोरवयात जपानला गेले, तेथील भाषा शिकले आणि धर्मशिक्षणाचे काम करू लागले. संघात प्रवेश मिळावा ही त्यांची इच्छा मात्र अपुरीच राहिली. त्यांनी व्यापार धरला. तो चांगला चालला, पण मन रमेना. अखेर मनिला येथे फ्रान्सिस्कनांनी त्यांना धर्मबंधू म्हणून स्वीकारले. १५९३ मध्ये दुभाषी म्हणून ते पुन्हा जपानला गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर हुतात्मा झाले. संतपद मिळाले १८६२ साली.

गोव्याच्या दिवाडी बेटावरील मातेउस दे कास्त्रो यांची कथा अधिक बोचरी आहे. गोव्यात गुरुदीक्षा नाकारली गेली, म्हणून त्यांनी रोम गाठले. तेथे दीक्षा तर मिळालीच, १६३७ मध्ये ते बिशपही झाले! तरीही पोर्तुगीज गोव्याने त्यांना मानले नाही. आदिलशाही मुलखातील डिचोली हे त्यांचे ठिकाण झाले.

युरोपीय संघ देशी धर्मगुरूंना घेत नसत, तेव्हा जुन्या गोव्यात त्यांनी आपलाच समूह उभारला. १६८५ मध्ये जुझे वाझ त्यात आले. डच अमलामुळे सिलोनमधील कॅथलिक धर्मगुरूंविना होते. वाझ मजुराच्या वेषात तेथे पोहोचले आणि १७११ मध्ये कँडीत निवर्तले.

स्त्रियांचा उल्लेख या इतिहासात उशिरा येतो. केरळात कूनम्माव येथे मदर एलिश्वा यांनी १८६६ मध्ये मठजीवन आरंभिले ते बांबूच्या चटयांच्या घरात. पुढे तेथे मुलींची शाळाही निघाली.

वाझ यांच्या त्याच कँडीत पोप तेरावे लिओ यांनी १८९३ मध्ये देशी धर्मगुरू घडविण्यासाठी पेपल सेमिनरी स्थापिली. १९५५ साली ती पुण्यास आली, आणि आज नगर रस्त्यावर देशभरातील तरुण तेथे शिकत आहेत.