भडोचपासून तीस दिवस

तेरणेकाठचं तेर वारकऱ्यांना संत गोरोबाकाकांमुळे ठाऊक असतं. धाराशिवहून ते अगदी हाकेच्या अंतरावर नसलं तरी दूरही नाही. या गावाच्या अंतराचा फार जुना लेखी आकडा मात्र ग्रीकमध्ये सापडतो, आणि तो कोसांत नसून दिवसांत आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तकडच्या एका अनाम व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ लिहिलं. कोणत्या बंदरात काय विकतं, काय मिळतं, याची ती रोखठोक जंत्री. त्यात येतं : बारिगाझा, म्हणजे भडोच, तिथून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचं तेर, हे फार मोठं शहर. तगराहून साधं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल निघायची. धड रस्ते नसलेल्या मुलखातून ती गाड्यांवर लादून भडोचला उतरायची.

हा गृहस्थ स्वतः घाट चढून पैठणला गेला असेल, असं मला वाटत नाही. बंदरावर माल घेऊन आलेल्यांनी सांगितलं ते त्याने टिपलं असावं. दिशा म्हणूनच चुकली. तेर पैठणच्या पूर्वेला नाही, आग्नेयेला आहे. दिवस मात्र चोख. सरळ रेषेत भडोच-पैठण सुमारे साडेतीनशे किलोमीटर, पैठण-तेर दीडशे. दोन्ही टप्प्यांत रोजची मजल पंधरा-सतरा किलोमीटरची पडते. वाटेची वळणं धरली तर थोडी जास्त. भरल्या बैलगाडीची चाल ती एवढीच.

पुढच्या शतकात टॉलेमीने तगराला अक्षांश-रेखांश दिले. दिसायला हे अधिक शास्त्रीय, पण त्याच्या नकाशात भारताचं द्वीपकल्पच चपटं झालेलं. गाडीवानाचे दिवस टिकले, पंडिताचे अंश कोसळले.

मग गाव नकाशावरून हरवलं. शिलाहार राजे ‘तगरपुरवराधीश्वर’ हे बिरुद मिरवत राहिले, पण ते तगर कुठलं? एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी देवगिरी सुचवलं, जुन्नर सुचवलं, रा. गो. भांडारकरांनी धारूरकडे बोट दाखवलं. 1901 मध्ये जे. एफ. फ्लीटने तेरवर बोट ठेवलं आणि ते टिकलं. पुढे रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात जमवलेल्या वस्तूंनी त्याला वजन आलं. त्यांच्या नावाच्या संग्रहालयातली हस्तिदंती बाहुली इटलीतल्या पाँपेईत 1938 साली सापडलेल्या भारतीय मूर्तीची बहीण शोभावी अशी आहे. पाँपेई इसवी सन 79 मध्ये राखेखाली गेलं. तेव्हा भडोच हा वाटेतला थांबा होता, शेवट नव्हे.

फ्लीटच्या वेळी तेरपर्यंत आगगाडी नव्हती. अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे 1897 मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीला पोचली होती. येडशी, ढोकी करत ती 1911 मध्ये लातूरला गेली. धाराशिव शहर तिने बाजूलाच ठेवलं. जिल्ह्याच्या ठिकाणाला रूळ भेटले ते ब्रॉडगेज आल्यावर, या शतकात.

आता तेर-भडोच हवाई अंतर जेमतेम पाचशे किलोमीटर. ताशी सातशेच्या वेगाने पाऊण तासाहून कमी. पण धाराशिवच्या धावपट्टीवरून भडोचला विमान सुटत नाही. आधी पुणे गाठायचं, मग सुरत किंवा वडोदरा, तिथून पुन्हा रस्ता. पाऊण तासाचं अंतर कापायला दिवस मोडतो.