इंडस क्रीड

मुंबईतील एक प्रसिद्ध इंग्रजी रॉक वाद्यवृंद. मूळ नाव रॉक मशीन, स्थापना १९८४. उदय बेनेगल (गायन), महेश तिनईकर व जयेश गांधी (गिटार), मार्क सेल्विन (बास गिटार) आणि झुबिन बालापोरिया (कीबोर्ड) हे त्याचे प्रमुख सदस्य होत.

भारतात रॉक वृंद त्यापूर्वीही होते. तथापि श्रोते त्यांच्याकडून विलायती गाण्यांची हुबेहूब नक्कलच मागत. रॉक मशीननेही आरंभी तेच केले. मात्र रॉक अँड रोल रेनेगेड (१९८८) व द सेकंड कमिंग (१९९०) या ध्वनिमुद्रिकांद्वारे स्वरचित इंग्रजी गीते मांडण्याचे धाडस या वृंदाने दाखविले. शैली मात्र तत्कालीन पाश्चात्त्य हार्ड रॉकचीच होती.

१९९१ मध्ये उपग्रह दूरचित्रवाणी भारतात आली आणि परदेशी श्रोत्यांपर्यंत जाणारी वाट प्रथमच मुंबईतून दिसू लागली. ‘प्रिटी चाइल्ड’ या गीताच्या चित्रफितीस १९९३ मध्ये एमटीव्हीचे आशियाई प्रेक्षकपसंतीचे पारितोषिक लाभले. त्याच वर्षी इंडस क्रीड हे नाव स्वीकारण्यात आले. त्याच नावाची ध्वनिमुद्रिका १९९५ मध्ये निघाली. संगीतातही भारतीय छटा येऊ लागल्या. हा केवळ व्यापारी हिशेब होता, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. पण ‘तुमचे म्हणून काय आहे?’ हा प्रश्न परदेशाकडे पाहणाऱ्या भारतीय वृंदास टाळता येत नाही. स्वीडनच्या यूरप या वृंदापुढे तो या स्वरूपात उभा राहिला नाही. ‘द फायनल काउंटडाउन’ (१९८६) या त्यांच्या इंग्रजी गीताने ब्रिटनमध्ये अग्रस्थान मिळविले. तेथे त्यांच्याकडे कोणी स्वीडिश लोकसंगीत मागितले नाही. शिवाय आबा या वृंदाने १९७४ पासूनच स्वीडिश कलावंतांस ही वाट मोकळी करून दिली होती. मुंबईकरांना असा पूर्वसुरी नव्हता.

मायदेशीही वारे फिरले. संगीतवाहिन्या हिंदी चित्रपटगीते व इंडीपॉप यांकडे वळल्या आणि १९९७ मध्ये वृंद विसर्जित झाला. बेनेगल व गांधी यांनी न्यूयॉर्कला जाऊन ‘आम्स फॉर शांती’ हा वृंद उभारला. भारतीय व पाश्चात्त्य संगीताचा मेळ त्यात अधिक उघडपणे घातलेला आढळतो. २०१० मध्ये बेनेगल, तिनईकर व बालापोरिया पुन्हा एकत्र आले. रुशाद मिस्त्री (बास गिटार) व जय रो कवी (ड्रम) हे नवे साथीदार त्यांना मिळाले. इव्हॉल्व्ह (२०१२) या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेचे ध्वनिमिश्रण टिम पामर या ब्रिटिश तंत्रज्ञाने केले.