फुप्फुसाचा कर्करोग

श्वासनलिकेच्या शाखा किंवा वायुकोश यांच्या अस्तरातील पेशी बेसुमार वाढल्याने होणारा रोग. कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंमध्ये जगभर याचा क्रमांक पहिला लागतो. २०२२ मध्ये सुमारे २५ लाख लोकांमध्ये त्याचे नव्याने निदान झाले आणि सुमारे १८ लाख लोक त्याने दगावले. विसाव्या शतकाच्या आरंभी तो अतिशय विरळ होता. सिगारेटचा प्रसार झाल्यावर काही दशकांनी त्याचे प्रमाण झपाट्याने वाढले.

प्रकार : लघुपेशी कर्करोग सुमारे १५ टक्के रुग्णांत आढळतो. तो जवळजवळ नेहमी धूम्रपानाशी निगडित असतो आणि लवकरच मेंदू, यकृत व हाडांत पसरतो. उरलेले बहुतेक कर्करोग अलघुपेशी गटातील असतात. त्यांतील ॲडेनोकार्सिनोमा हा आज सर्वाधिक आढळणारा प्रकार असून, कधीच धूम्रपान न केलेल्या रुग्णांतही मुख्यतः तोच दिसतो.

कारणे व जोखीम : तंबाखूचा धूर हे सर्वांत मोठे कारण. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनमधील रुग्णालयांत केलेल्या पाहणीतून १९५० मध्ये हा संबंध ठळकपणे मांडला. बिडी सिगारेटपेक्षा सौम्य नाही. तिच्यात तंबाखू कमी असली, तरी तेंदूच्या पानातून हवा फारशी आत येत नाही. त्यामुळे ती पेटती ठेवण्यासाठी वरचेवर झुरके घ्यावे लागतात.

मात्र धूम्रपान न करणाऱ्यांना हा रोग होत नाही, हा समज चुकीचा आहे. भारतात अशा रुग्णांची संख्या लक्षणीय आहे. इतरांच्या बिडी-सिगारेटचा धूर, कोंदट स्वयंपाकघरातील चुलीचा धूर, डिझेल इंजिनाचा धूर, ॲस्बेस्टॉस, सिलिकाची धूळ, आर्सेनिक आणि रेडॉन वायू यांमुळेही धोका वाढतो. बाहेरील हवेचे प्रदूषण कर्ककारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ मध्ये जाहीर केले.

लक्षणे व निदान : तीन आठवड्यांहून अधिक टिकणारा खोकला, बेडक्यातून रक्त, धाप, छातीत किंवा खांद्यात दुखणे, आवाज बसणे व वजन घटणे ही प्रमुख लक्षणे. सुरुवातीला बहुधा कोणतेच लक्षण नसते. यांतील बरीच लक्षणे क्षयरोगातही दिसतात आणि एक्स-रेवरील डागही सारखा भासू शकतो. त्यामुळे भारतात अनेक रुग्णांना आधी क्षयाची औषधे दिली जातात आणि मोलाचे महिने हातचे जातात. बेडक्याच्या तपासणीत क्षयाचे जंतू सापडले नसतील आणि औषधे घेऊनही डाग ओसरत नसेल, तर सीटी स्कॅन व बायॉप्सी लांबवू नये. बायॉप्सीसाठी तुकडा दुर्बिणीने किंवा छातीतून सुई घालून काढतात. अलघुपेशी कर्करोगात त्या तुकड्यावर ईजीएफआर, एएलके आदी जनुकांतील बदल आणि पीडी-एल१ हे प्रथिन तपासले जाते; औषधाची निवड त्यावर ठरते.

चाळणी तपासणी : लक्षणे दिसण्यापूर्वी रोग शोधण्यासाठी साधा एक्स-रे उपयोगी ठरला नाही. कमी किरणमात्रेच्या सीटी स्कॅनने मात्र भारी धूम्रपान केलेल्यांत या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी घटल्याचे अमेरिकेतील मोठ्या चाचणीने २०११ मध्ये दाखवले. युरोपातील चाचणीने २०२० मध्ये त्याला दुजोरा दिला. अमेरिकेत ५० ते ८० वर्षे वयाच्या ज्या व्यक्तींनी रोज एक पाकीट याप्रमाणे २० वर्षे किंवा तितक्या प्रमाणात धूम्रपान केले आहे आणि जे अजून ओढतात किंवा ज्यांनी १५ वर्षांच्या आत सोडले आहे, त्यांना दरवर्षी या स्कॅनची शिफारस केली जाते. भारतात बऱ्या झालेल्या क्षयाचे व्रण अनेकांच्या फुप्फुसात असल्याने फसवे संशय व अनावश्यक बायॉप्सी यांचा धोका अधिक आहे. म्हणून असा स्कॅन जोखीम तोलून, तज्ज्ञाच्या सल्ल्यानेच करावा.

उपचार : गाठ मर्यादित असेल, तर फुप्फुसाचा बाधित खंड काढून टाकणे हा बरे होण्याचा मुख्य मार्ग. शस्त्रक्रिया न झेपणाऱ्यांना अचूक रोखलेले किरणोपचार देता येतात. आजूबाजूच्या लसीका ग्रंथींत पसरलेल्या रोगात रसायनोपचार व किरणोपचार एकत्र दिले जातात आणि त्यापुढे अनेकदा प्रतिकारशक्तीला चालना देणारी औषधे. लघुपेशी प्रकारात रसायनोपचारावरच मुख्य भिस्त असते.

रोग दूरवर पसरला असला, तरी गेल्या दोन दशकांत चित्र बदलले आहे. ईजीएफआर जनुकात बदल असलेल्यांना गेफिटिनिब, ओसिमर्टिनिब यांसारख्या गोळ्या लागू पडतात. गेफिटिनिबला रसायनोपचाराची जोड दिल्यास रोग आटोक्यात राहण्याचा मध्यक काळ ८ वरून १६ महिन्यांवर जातो, असे मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील चाचणीत आढळले. मात्र दुष्परिणामही वाढले. वेदना, धाप व चिंता यांवरचे परिहारक उपचार शेवटच्या टप्प्यासाठी राखून ठेवू नयेत. ते निदानापासूनच सुरू केल्यास जगणे सुसह्य होते.

प्रतिबंध : धूम्रपान कोणत्याही वयात सोडले तरी लाभ होतो, सुमारे दहा वर्षांत या रोगाने मरण्याचा धोका धूम्रपान चालू ठेवणाऱ्याच्या निम्म्यावर येतो. निदानानंतर सोडल्यानेही उपचारांना साथ मिळते. चुलीऐवजी गॅस, कामाच्या जागी धुळीपासून संरक्षण आणि स्वच्छ हवा यांचा वाटाही मोठा आहे. रुग्णाला व्यसनाबद्दल बोल लावल्याने तो खोकला लपवतो आणि उशिरा येतो. त्याला धीर देऊन वेळेवर डॉक्टरांपर्यंत नेणे हे कुटुंबाच्या हाती असलेले सर्वांत मोठे साहाय्य आहे.