टेलिफोनची स्मरणशक्ति

गेल्या दिवाळीच्या साफसफाईंत आमच्या माळ्यावरून एक जुना टेलिफोन खालीं आला. वायरीचें वेटोळें तसेंच, बटणें मात्र पिवळीं पडलेलीं. आंकड्यांच्या बटणांशेजारीं आणखी दहा लहान बटणांची रांग होती, आणि तिच्या बाजूस पारदर्शक झांकणाखालीं कागदाची एक पट्टी. तीवर तीर्थरूपांच्या बारीक, उभट अक्षरांत नांवें लिहिलेलीं होतीं : डॉक्टर, ताई, पुणें, दादर, गॅस, ऑफिस. नांवें सर्व शाबूत होतीं. नंबर एकहि नव्हता. तो लिहिण्याचें कारणच नव्हतें. नंबर यंत्राच्या पोटांत साठविलेले होते, आणि तें पोट आतां रिकामें झालें होतें.

मौज अशी कीं, टेलिफोनची अगदीं पहिली यादीहि अशीच, नांवें असलेली व नंबर नसलेली होती. अमेरिकेंतील न्यू हेवन या शहरीं जानेवारी १८७८ मध्यें पहिलें व्यापारी एक्स्चेंज सुरू झालें. वर्गणीदार होते २१. पुढच्याच महिन्यांत निघालेल्या एका पानाच्या यादींत ५० नांवें होतीं. बोलणाऱ्यानें एक्स्चेंजांतील माणसास हवें तें नांव सांगावें आणि त्यानें तार जोडून द्यावी. कोणाची तार कोठें, हें त्याच्या डोक्यांत. म्हणजे टेलिफोनला स्मरणशक्ति प्रथमपासूनच होती. ती माणसाची होती, इतकेंच.

तीवर पहिला अविश्वास दाखविला तो एका डॉक्टरानें. १८७९ सालीं मॅसॅच्युसेट्समधील लोवेल शहरीं गोवराची सांथ चालू होती. तेथील चार ऑपरेटरांस दोनशेंहून अधिक वर्गणीदारांच्या तारा तोंडपाठ होत्या. डॉ. मोझेस ग्रीली पार्कर यांच्या मनांत आलें कीं, हे चौघेहि एकदम अंथरुणास खिळले तर बदलीच्या माणसांस कांहीं उमगणार नाहीं आणि सारें शहर मुकें होईल. त्यांनीं प्रत्येक वर्गणीदारास नंबर देण्याची सूचना केली. चालकांस भीति वाटली कीं, सभ्य गृहस्थांस असा आंकडा चिकटविल्यास तो त्यांस अपमान वाटेल. तसें कांहीं झालें नाहीं. आपण ज्यास इतक्या आपलेपणानें 'माझा नंबर' म्हणतों तो जन्मास आला तो असा, माणसाच्या आठवणीवर विसंबणें धोक्याचें वाटल्यामुळें.

नंबर आल्यावर ऑपरेटरच कशास हवा, हा प्रश्न फार काळ दूर राहणें शक्य नव्हतें. कॅन्सस सिटींतील आल्मन स्ट्रौजर हा अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा धंदा करी. ऑपरेटर बाई आपलीं गिऱ्हाइकें प्रतिस्पर्ध्याकडे वळविते, असा त्याचा संशय होता म्हणतात. संशय खरा असो वा खोटा, १८९१ सालीं त्यास स्वयंचलित एक्स्चेंजचें पेटंट मिळालें आणि पुढील वर्षीं इंडियाना प्रांतांतील ला पोर्ट येथें तसें एक्स्चेंज चालूहि झालें. मागाहून बोटानें फिरविण्याची तबकडी आली. ती परत फिरतांना तारेंतील प्रवाह जितका आंकडा तितके वेळां तुटतो, शून्यास दहा वेळां. आणि त्या मोजणीवर पलीकडचें यंत्र पायरी-पायरीनें वर चढतें. एक्स्चेंज माणसाच्या स्मरणावांचून चालूं लागलें खरें, पण स्मरणाचा भार कांहीं नाहींसा झाला नाहीं. तो घरोघर वांटला गेला.

आमच्याकडे मुंबई, कलकत्ता व मद्रास येथें १८८२ सालींच एक्स्चेंजें उघडलीं. परंतु मध्यमवर्गाच्या घरांत टेलिफोन आला तो पुष्कळ उशिरां, अर्ज करून वर्षानुवर्षें वाट पाहिल्यानंतर. त्यामुळें त्याचा मान देव्हाऱ्यासारखा. वर विणलेलें झांकण, बाजूस दोऱ्यानें बांधलेली पेन्सिल आणि एक वही. वही मात्र क्वचित् उघडली जाई. फिरवून फिरवून नंबर बोटांच्या सांध्यांत बसत. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनीं १९५६ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधांत दाखविलें कीं, माणसाच्या ध्यानांत एका दमांत राहतात त्या गोष्टी सुमारें सात, दोन अधिक किंवा दोन उणें. मुंबईचे नंबर सहा आंकड्यांवरून सातांवर व सातांवरून आठांवर गेले, तरी घरच्या माणसांनीं ते पाठ केलेच. एका दमांत न राहणारें घोकून राहतें, हें पाढे म्हणत वाढलेल्या पिढीस कोणी शिकवावयास नको.

हा भार पुन्हा यंत्रावर टाकण्याची खटपट अर्थातच झाली. अमेरिकेंत १९६० नंतरच्या दशकांत भोंकें पाडलेलें प्लास्टिकचें कार्ड खोबणींत सरकविलें कीं आपोआप नंबर लावणारे टेलिफोन होते. १९६३ च्या नोव्हेंबरांत पेनसिल्व्हेनियांत बटणांचा टेलिफोन वर्गणीदारांस मिळूं लागला. त्यांत प्रत्येक आंकड्यास दोन सुरांची जोडी असते. पुढें इलेक्ट्रॉनिक चिप स्वस्त झाली आणि वायरीचा साधा टेलिफोनहि नंबर धरून ठेवूं लागला. आमच्या यंत्रांत रीत अशी : रिसीव्हर उचलून 'स्टोअर' दाबावें, नंबर द्यावा, पुन्हा 'स्टोअर', आणि मग रांगेंतलें हवें तें बटण. तेवढ्यावर यंत्र सारे आंकडे ओळीनें पाठवी; जुन्या एक्स्चेंजसाठीं प्रवाह तोडून, नव्यासाठीं सुरांनीं. कचेरीच्या अंतर्गत एक्स्चेंजमधून बाहेरची लाइन घ्यावयाची तर पहिल्या शून्यानंतर क्षणभर थांबावें लागे. तें थांबणेंसुद्धां नंबराबरोबर साठवितां येई! या साठविलेल्या विरामाचें आम्हांस अजून कौतुक वाटतें.

जागा दहाच, हा खरा पेंच. मातोश्रींच्या माहेरास जागा मिळाली ती गॅसच्या खालीं, आणि त्यावरून दोन दिवस घरांत अबोला होता.

एके पावसाळ्यांत रात्रीं तीर्थरूपांच्या छातींत कळ आली. डॉक्टरांचें बटण दाबलें, तों रिसीव्हर नुसता गुणगुणत राहिला. आंतले पेन्सिल-सेल संपले होते. बोलणें चालतें तें एक्स्चेंजकडून तारेवाटें येणाऱ्या विजेवर, त्यामुळें सेल संपल्याचें कोणास कळलेंच नव्हतें. वही सांपडेना. आम्ही तिघे शिकलेसवरलेले त्या बटणाकडे पाहत उभे. आठवड्यांतून दोनदां ज्यांस फोन करीत होतों त्यांच्या नंबराचा पहिला आंकडाहि कोणास येईना. शेवटीं आजी उठून आली. तबकडीच्या काळीं पाठ झालेला नंबर तिनें म्हणून दाखविला, मागाहून वाढलेला आंकडा पुढें लावून. डॉक्टर आले. दुखणें पित्ताचें निघालें.

दुसऱ्या दिवशीं नवे सेल आले आणि तीर्थरूपांनीं दहाहि नंबर पुन्हा भरले. आजीनें स्वतःसाठीं म्हणून एकहि बटण मागितलें नाहीं.

परवां ती पट्टी वाचतांना दहांपैकीं एकाहि नांवाचा नंबर आम्हांस आठवला नाहीं. पट्टीवर कधींच नसलेल्या कोपऱ्यावरच्या वाण्याचा मात्र अजून येतो. लहानपणीं महिन्याच्या सामानासाठीं तो आम्ही तबकडीवर फिरवीत असूं. त्याचे आंकडे सहा.