महालक्ष्मीचे घोडे आणि कुर्ल्याची खाजणे

मुंबई शहराचा इतिहास हा पुष्कळ अंशी पाण्याखालून वर काढलेल्या जमिनीचा इतिहास आहे, आणि अशा जमिनीचा उपभोग कोणी घ्यावा, कोणत्या मोबदल्यात घ्यावा व किती मुदतीपर्यंत घ्यावा, हा वाद त्या जमिनीइतकाच जुना आहे. कुर्ला हे मूळचे साष्टीतले गाव. मुंबई बेटापासून त्याला खाडीने तोडलेले. गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्या कारकीर्दीत, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, शीवचा बांध पुरा झाला आणि घोडी, बैलगाड्या व पालख्या कोरड्या पायाने कुर्ल्यास उतरू लागल्या. पुढे थोड्याच वर्षांनी, १८०८ मध्ये, कुर्ला, मोहिली, कोळेकल्याण, मरोळ, सहार, असल्फे आणि परजापूर अशी सात गावे कंपनी सरकारने होरमसजी बमनजी वाडिया यांस मुंबईतील अपोलो दरवाजाजवळच्या जागेच्या बदल्यात दिली. शहरातील जमिनीचा एक तुकडा घेऊन त्याऐवजी उपनगरातील सात गावे देण्यास सरकार राजी झाले, यावरून त्या काळीही शहराच्या जमिनीचे मोल काय होते, याची कल्पना येते. महालक्ष्मीच्या शर्यतीच्या मैदानाचा आजचा प्रश्न समजून घ्यावयाचा असेल, तर हा जुना व्यवहार ध्यानी ठेवणे हिताचे आहे.

घोडा महाराष्ट्रास नवा नव्हता. भीमेच्या काठची काटक, अल्पाहारी आणि डोंगरवाटांना सरावलेली तट्टे मराठ्यांच्या लष्कराचा आधारस्तंभ होती. त्या लष्करात शिलेदार स्वतःचा घोडा व हत्यारे घेऊन चाकरीस येई आणि बारगिरास सरकारी पागेतून घोडा मिळे. अर्थात घोडा कोणाचा व त्यावर मांड कोणाची, हा भेद आपल्याकडे शर्यतीच्या घोड्याच्या मालकाने व जॉकीने प्रथम आणला असे मुळीच नाही. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, पागा मोडल्या, आणि ज्या जनावरावर राज्याचे रक्षण अवलंबून होते, त्याचे प्रयोजन एकदम संकुचित झाले. संस्थानिकांच्या स्वाऱ्या, गोऱ्या पलटणी आणि साहेबलोकांच्या बग्ग्या एवढ्यापुरताच घोडा उरला. याच पोकळीत शर्यत शिरली व वाढली.

मुंबईच्या बंदरात इराणच्या आखातातून अरबी घोड्यांची गलबते येत. त्यांचे सौदागर भायखळ्याच्या बाजूस तबेले बांधून राहत आणि पलटणीचे अधिकारी, संस्थानांचे कारभारी व शर्यतीचे शौकीन तेथे घोडी पारखावयास जात. इराणातून येऊन मुंबईत स्थायिक झालेले पहिले आगाखान हसन अली शाह हे धर्मगुरू या नात्याने जितके प्रसिद्ध होते, तितकेच अरबी घोड्यांचे दर्दी म्हणूनही. माझगावच्या हसनाबादेत त्यांची कबर आहे. घोड्यांची ही हौस त्यांच्या घराण्यात पुढे इतकी रुजली, की त्यांचे नातू तिसरे आगाखान यांच्या घोड्यांनी इंग्लंडातील एप्समची डर्बी १९३०, १९३५, १९३६, १९४८ आणि १९५२ अशी पाच वेळा जिंकली.

मुंबईच्या टर्फ क्लबाची स्थापना १८०२ मधली मानली जाते. आरंभीच्या शर्यती भायखळ्यास होत. परंतु गिरण्यांच्या भरभराटीबरोबर वस्ती तिकडे दाटू लागली आणि मोकळी जागा शोधण्याची पाळी आली. ती मिळाली महालक्ष्मीच्या सखल माळावर. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हॉर्नबीच्या बांधाने समुद्राचे पाणी अडविल्यावर वर आलेली ही दलदलीची भूमी होती. तेथे १८८३ मध्ये नवे मैदान झाले. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहराच्या कॉलफील्ड मैदानाच्या धर्तीवर आखलेली त्याची अंडाकृती धाव सुमारे २४०० मीटरांची असून घोडे तेथे उजवा हात आत ठेवून वळतात. ही जमीन सर कसरू वाडिया यांनी दान दिली, असे सर्रास लिहिले जाते. वाडियांच्या औदार्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण १८८३ मध्ये कसरू वाडिया हे कुमारवयात होते, आणि जमिनीचे दप्तर पाहिले तर मैदानाची मालकी अंशतः महानगरपालिकेची व अधिकांशाने राज्य सरकारची आहे, क्लब हा केवळ मक्तेदार आहे. दानाची कथा लोकांना आवडते, मक्त्याची मुदत मात्र कोणी वाचीत नाही. आणि या सबंध धंद्यावर पुढे जे संकट आले, ते त्या न वाचलेल्या मुदतीतूनच आले.

कायद्यानेही शर्यतीस आरंभापासून सवतीच्या नव्हे, तर लाडक्या लेकीच्या न्यायाने वागविले. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने इतर पैजांवर बडगा उगारला, परंतु घोड्यांच्या शर्यतीवरील पैजा पुढे विवक्षित अटींवर त्यातून वगळल्या गेल्या. आणि १९१२ मध्ये शर्यतीच्या मैदानांना परवाना देण्याचा स्वतंत्र कायदा करून सरकारने नियंत्रणाबरोबर आपला महसूलही पक्का केला. चाळीत पत्ते कुटणारा गिरणीकामगार गुन्हेगार ठरे, आणि तोच कामगार महालक्ष्मीच्या खिडकीवर तिकीट घेई तेव्हा कायदेशीर क्रीडारसिक ठरे. या विसंगतीचे समर्थन पुढे तत्त्वाच्या पायावर झाले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मद्रासच्या एका दाव्यात असा निर्णय दिला, की घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, निव्वळ दैवाचा नव्हे.

हा निर्णय वस्तुस्थितीस सोडून नाही, हे वजनाची पद्धत जवळून पाहिली म्हणजे पटते. प्रत्येक घोड्यास त्याच्या मागील कामगिरीवरून गुण दिलेले असतात व दर गुणामागे अर्धा किलो वजन धरले जाते. दहा गुणांनी सरस असलेल्या घोड्याच्या पाठीवर पाच किलो अधिक चढतात; जॉकी हलका असेल तर खोगिरात शिशाच्या पट्ट्या घालून ते भरून काढतात, आणि शर्यतीपूर्वी व शर्यतीनंतर जॉकी खोगिरासकट काट्यावर उभा राहतो. सर्व घोडे रेषेवर एकदमच यावेत, अशी ही योजना असते; त्या योजनेतील फट शोधणे हीच पंटराची विद्या. स्थानकाबाहेर विकले जाणारे ‘कोल’चे पुस्तक बोटाने चाळीत, घोड्याचे वजन, मैदानाचा ओलावा, जॉकीचा हात आणि पहाटेच्या सरावातील वेळ यांची मनाशी बेरीज करणारा मनुष्य आपणांस जुगारी म्हणवून घेण्यास तयार नसतो, आणि त्याच्या दृष्टीने ते खरेही असते. मात्र कौशल्याच्या खेळात हरलेला पैसा घरच्या डब्यात परत येत नाही, हेही तितकेच खरे आहे. त्या पैशाचा हिशेब गिरणगावातील व कुर्ल्यातील बायाबापड्यांनीच अधिक निगुतीने ठेवला.

शर्यतीचा शौक साहेबांच्या कठड्यातून सामान्य जनांत उतरविला तो रेल्वेने. देशातील पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी धावली, ती बोरीबंदर ते कुर्ला याच मार्गावर. पुढे विजेच्या तारा घाट चढून पुण्यास पोहोचल्या आणि १ जून १९३० पासून डेक्कन क्वीन सुरू झाली. आरंभी ती आठवड्याच्या अखेरीस धावे व तिच्या उतारूंत पुण्याच्या शर्यतीस जाणाऱ्यांचा भरणा मोठा असे. पावसाळ्यात पुणे आणि हिवाळ्यात मुंबई, असा शर्यतीच्या वर्षाचा क्रम याच लोहमार्गावर बसला आणि अद्यापि चालू आहे. १८८६ मध्ये जमशेटजी टाटांनी विकत घेतलेली कुर्ल्याची धरमसी मिल ‘स्वदेशी’ म्हणून नावारूपास आली होती. पगाराच्या तारखेस अशा गिरण्यांतून बाहेर पडलेल्या पैशाचा एक ओघळ महालक्ष्मीकडे वळे. क्लबास १९३५ मध्ये ‘रॉयल’ ही उपाधी मिळाली. तिचा डौल मालकांच्या सज्जात दिसे, पण खिडकीवरील गल्ला भरे तो तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून उतरलेल्या गर्दीने.

मालकांची बाजू संस्थानिकांनी उचलून धरली होती. बडोद्याचे प्रतापसिंहराव गायकवाड यांनी तर आपल्या आजोबांचे नाव दिलेला ‘सयाजीराव’ हा घोडा २८,००० गिनींस खरेदी केला आणि त्याने १९४७ मध्ये इंग्लंडातील सेंट लेजर जिंकली; पुढच्याच वर्षी त्यांच्या ‘माय बाबू’ने टू थाउजंड गिनीज पटकावली. लोकांच्या महसुलातून हा खर्च व्हावा काय, असा सवाल त्या वेळी बडोद्यात उठला नसता तरच नवल. महायुद्धामुळे परदेशी घोड्यांची आवक खुंटली आणि देशात पैदा झालेल्या घोड्यांच्या शर्यतींस महत्त्व आले. १९४३ मध्ये महालक्ष्मीस पहिली इंडियन डर्बी झाली. संकटाच्या पोटी जन्मलेली ही स्वावलंबनाची रीत टिकली आणि पुण्याच्या परिसरात घोड्यांच्या पैदाशीची केंद्रे उभी राहिली. पांडू खाडे, शामू चव्हाण, वसंत शिंदे यांसारखे जॉकी याच मातीतून पुढे आले. बारगिराचा मराठी वारसा नव्या पागेत असा चालू राहिला.

या पैदाशीचे एक फळ मात्र शर्यतीच्या कोणत्याही चषकाहून मोलाचे आहे. विंचवाच्या वा सर्पाच्या विषाचे अल्प अंश घोड्यास क्रमाक्रमाने टोचीत गेले, म्हणजे त्याच्या रक्तात प्रतिविष तयार होते. ते रक्त काढून, त्यातील द्रव शुद्ध करून, दंश झालेल्या मनुष्यास देतात. परळच्या हाफकिन संस्थेस अशा कामासाठी घोडी लागत, आणि पूनावाला घराण्याच्या पैदास केंद्रातील, धावण्याचे वय सरलेली घोडी तेथे जात. आपलेच घोडे घेऊन हे प्रतिविष आपणच का करू नये, या विचारातून सायरस पूनावाला यांनी १९६६ मध्ये पुण्यास सिरम इन्स्टिट्यूट स्थापिली. शर्यत हा केवळ पैशाचा अपव्यय, असे म्हणणाऱ्याने एवढी एक नोंद तरी खात्यावर धरली पाहिजे.

आता अडचणींचा विचार. १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे रद्द झाले आणि पागेचा जुना आश्रयदाता गेला. उद्योगपतींनी ती जागा काही काळ भरून काढली. परंतु १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि तो क्लबाच्या दलालीवर न बसता पणाच्या पूर्ण रकमेवर बसला: १०० रुपयांच्या पणावर २८ रुपये. सप्टेंबर २०२५ पासून हा दर ४० टक्के झाला आहे. चोरून पैजा घेणारा बुकी यातील एक छदामही सरकारजमा करीत नाही, म्हणून तो खिडकीपेक्षा चांगला भाव देऊ शकतो; कर जितका चढतो, तितका पैसा खिडकीवरून गल्लीत उतरतो, बक्षिसाची रक्कम आटते, मालक घोडा घेण्याचे टाळतो, आणि शेवटी त्याची झळ खरारा करणाऱ्या मोतद्दाराच्या पगारास लागते. व्यसनास आळा घालणे हा कराचा हेतू असेल, तर व्यसन उघड्यावरून अंधारात ढकलून तो साधला, असे म्हणवत नाही.

दुसरी अडचण जमिनीची, आणि ती करापेक्षा खोल आहे. महालक्ष्मीच्या मक्त्याची मुदत २०१३ मध्ये संपली व नूतनीकरण दहा वर्षांहून अधिक काळ रखडले. अखेर २०२४ मध्ये तडजोड झाली: २११ एकरांपैकी १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी महानगरपालिकेकडे आणि ९१ एकर २०५३ पर्यंत क्लबाकडे. मुंबईचा क्लब या बाबतीत नशीबवान म्हणावयाचा. त्याच वर्षी तमिळनाडू सरकारने गिंडीच्या शर्यतीच्या मैदानाचा मक्ता संपुष्टात आणला, मकाऊतील शर्यती बंद पडल्या, आणि सिंगापुरात ऑक्टोबर महिन्यात अखेरची शर्यत धावली. याउलट आपल्याकडील बैलगाडा शर्यत न्यायालयीन बंदीखाली वर्षानुवर्षे अडकूनही २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून मान्य होऊन बाहेर आली. कारण तिच्यामागे गावेच्या गावे उभी राहिली. घोड्यांच्या शर्यतीमागे तसे कोणी उभे राहिले नाही. दीडशे वर्षे तिने सामान्य माणसाचा पैसा घेतला, पण त्याला कठड्याच्या आत कधी घेतले नाही, हेच त्याचे कारण होय.

कुर्लेकरास हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. मिठी नदीकाठची खाजणे भरून वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले. २६ जुलै २००५ रोजी नदीने आपली जागा परत मागितली, तेव्हा पाणी शिरले ते कुर्ल्याच्या चाळींत. २०२४ मध्ये नेहरूनगरची मदर डेअरीची सुमारे साडेआठ हेक्टर जमीन धारावीच्या पुनर्विकासासाठी देण्याचे ठरले, तेव्हा येथील रहिवासी झाडे व मैदान यांसाठी रस्त्यावर आले. मोकळ्या जमिनीची किंमत ज्यांना अशी मोजावी लागली, त्यांनी महालक्ष्मीच्या २११ एकरांविषयी उदासीन राहू नये. शर्यती चालाव्यात की बंद पडाव्यात, याविषयी मतभेद असू शकतील; पण शर्यती होत्या म्हणूनच ही भूमी आजवर इमारतींपासून वाचली, हे शर्यतीच्या कट्टर विरोधकासही मान्य करावे लागेल.

तेव्हा पुढील तीस वर्षांच्या मक्त्याकडे क्लबाने अनुग्रह म्हणून नव्हे, तर कसोटीची मुदत म्हणून पाहावे. धावण्याचे वय सरलेल्या घोड्यांचे काय होते, याचा जाहीर हिशेब द्यावा. मोतद्दार व सराव देणारे स्वार यांच्या पगाराची व विम्याची शाश्वती करावी. आणि शर्यत नसेल त्या दिवशी मैदान कुर्ल्याच्या व धारावीच्या मुलांस खुले ठेवावे. सरकारने कर दलालीवर बसवून चोरट्या धंद्याचे कंबरडे मोडावे, आणि उद्यानासाठी घेतलेल्या १२० एकरांवर आज ना उद्या एखादी इमारत उगवणार नाही, असे कायद्याने बांधून घ्यावे. एवढे झाले नाही, तर २०५३ मध्ये घोडेही जातील आणि मैदानही जाईल. आणि त्या वेळी तक्रार करण्याचा अधिकार ना क्लबास उरेल, ना आज गप्प बसलेल्या मुंबईकरास.