ठासणीच्या बंदुकीचे दफ्तर

मराठी घराण्यांच्या इतिहासाची साधने म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे रुमालात बांधलेले कागद उभे राहतात. सनदा, महजर, हिशेबाच्या याद्या, मोडीतली पत्रे. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला आणि त्याच्या प्रस्तावनेत बखरकारांच्या चुका एकेक करून दाखवल्या, तेव्हापासून कागद तपासून घेण्याची शिस्त आपल्याकडे रुजली. पण ज्या माडीवर ते रुमाल सापडले, त्याच माडीच्या भिंतीवर खुंटीला टांगलेली बंदूक मात्र या शिस्तीबाहेर राहिली. कागदाला चिकित्सक मिळाले, शस्त्राला फक्त आख्यायिका मिळाली.

आख्यायिका बहुधा दोनच असतात. एकीत मूळपुरुष ही बंदूक घेऊन पानिपतावर लढलेला असतो, दुसरीत ती सत्तावन सालच्या बंडातली असते. पहिलीची परीक्षा पुष्कळदा काही क्षणांत होते. घोड्याखाली तांब्याची टोपी बसवण्याची बोंडी असेल, तर ती बंदूक आज दिसते त्या रूपात १७६१ साली अस्तित्वातच असू शकत नाही. ठोका बसताच पेट घेणाऱ्या दारूची युक्ती अलेक्झांडर फॉर्साइथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने काढली आणि १८०७ साली तिचे पेटंट घेतले. (गारगोटीच्या बंदुकीची ठिणगी पाहून पाखरे आधीच उडून जात, हे या धर्मोपदेशकाचे दुःख होते!) टोपी त्यानंतरची, आणि ब्रिटिश सैन्यात ती रुळली १८४०च्या आसपास.

मात्र एवढ्यावर आख्यायिका निकालात काढणे हाही उतावीळपणाच. गारगोटीच्या पुष्कळ बंदुका पुढे टोपीच्या करून घेतल्या गेल्या. रंजकीचा कान काढून टाकायचा, त्या जागी बोंडी बसवायची, घोडा बदलायचा. म्हणजे नळी एका काळातली, कळ दुसऱ्या काळातली, आणि दस्ता गावच्या सुताराने तिसऱ्याच काळात बसवलेला. पोथीत मूळ पाठ, शोधकाची दुरुस्ती आणि नकलकाराचा प्रक्षेप जसे एकाच पानावर नांदतात, तसेच हे. तेव्हा ‘ही बंदूक केव्हाची’ हा प्रश्नच चुकीचा. तिचा कोणता भाग केव्हाचा, असे विचारले पाहिजे. उलट बाजूही ध्यानात ठेवावी. जामगीने पेटणारी तोड्याची बंदूक आपल्याकडे एकोणिसाव्या शतकातही वापरात होती. नव्या तंत्रावरून वस्तू अमुक सालाच्या आधीची नाही असे म्हणता येते. जुन्या तंत्रावरून ती जुनी आहे असे मात्र म्हणता येत नाही. भाषेच्या जुनेपणावरून ग्रंथाचा काळ ठरवणाऱ्यांना ही अडचण नवी नाही.

यानंतर वाचायचे ते शिक्के. युरोपातल्या परीक्षागृहांत नळीत जादा दारू ठासून ती टिकते की फुटते हे पाहत आणि टिकलेल्या नळीवर ठसा मारीत. बर्मिंगहॅमचे असे गृह १८१३च्या कायद्याने स्थापन झाले. लंडनचे त्याहून जुने. अंडाकृतीत ‘ई एल जी’ ही अक्षरे असतील तर नळी बेल्जममधल्या लिएज गावी तपासलेली, आणि त्या अंडाकृतीवर मुकुट असेल तर १८९३ नंतरची. पुढच्या पायात मुकुट धरून उभा असलेला सिंह ही ईस्ट इंडिया कंपनीची खूण. पट्टीवर नुसते ‘टॉवर’ असे कोरलेले असले की घरातली मंडळी हरखतात. परंतु हा शब्द बर्मिंगहॅमच्या खाजगी कारखानदारांनीही व्यापारी मालावर सढळपणे वापरला, म्हणून केवळ त्याच्या आधारे सरकारी शस्त्र ठरत नाही. बनावट मालही बराच आहे. वायव्य सरहद्दीवरच्या कारागिरांनी हुबेहूब नकला केल्या, आणि त्यांत कधी राणी व्हिक्टोरियाच्या आद्याक्षरांखाली १९०१ नंतरचे साल कोरलेले आढळते. राणी १९०१च्या जानेवारीतच वारली होती. बनावट सनदा ज्या चुकीने उघडकीस येतात तीच ही चूक.

आता दुसरी आख्यायिका, सत्तावन सालची. तिच्यापाशी आम्हांला अधिक थांबावेसे वाटते, कारण तिच्यात खोटेपणापेक्षा विस्मृती जास्त आहे. १८५७चे नाव निघाले की एन्फील्ड रायफल आठवते, ती १८५३च्या नमुन्याची. नळीच्या आत पेचदार खाचा, त्यामुळे गोळी फिरत जाते, दूर जाते आणि नेमकी लागते. तिच्याच काडतुसांच्या चरबीवरून वणवा पेटला. उठाव मोडल्यावर सरकारने हिंदी पलटणींसाठी त्याच घाटाची, पण नळीत खाचा नसलेली बंदूक काढली. १८५८ आणि १८५९चे नमुने हे असे आहेत. बाहेरून पाहावे तर एन्फील्ड, आतून गुळगुळीत. शिपायाच्या हाती शस्त्र तर द्यायचे, पण गोऱ्या शिपायाच्या बरोबरीचे द्यायचे नाही, हे धोरण त्या नळीत घडवलेले आहे. एखाद्या घरात ‘बंडातली’ म्हणून जपलेली बंदूक नळीत डोकावल्यावर अशी गुळगुळीत निघाली, तर आख्यायिका पडते खरी. पण तिच्या जागी जे येते ते आम्हांला मोलाचे वाटते. ती बंडाची नव्हे, बंडानंतरच्या अविश्वासाची साक्ष आहे. त्या काळच्या सरकारी खलित्यांतही हा अविश्वास इतक्या उघडपणे बोलत नाही.

त्याच अविश्वासाने या शस्त्रांचे कागदी चरित्र सुरू केले. १८५७ सालीच शस्त्रांवर निर्बंध घालणारा कायदा झाला, आणि लिटनच्या कारकिर्दीत १८७८चा हत्यारांचा कायदा आला. त्यात युरोपियनांना सूट आणि हिंदी माणसाला परवाना, हा भेद होता. काँग्रेसने १८८७च्या मद्रास अधिवेशनातच त्याविरुद्ध ठराव केला. प्रजेला निःशस्त्र करणाऱ्या या कायद्याचे समर्थन आम्ही करू इच्छीत नाही. पण संशोधकाच्या दृष्टीने एक विपरीत गोष्ट घडली: जी बंदूक उरली, तिला दफ्तर मिळाले. परवान्याच्या पुस्तकात धारकाचे नाव, गाव, हत्याराचे वर्णन, नळ्या किती, खूण वा क्रमांक कोणता, दारूगोळा किती, कारण काय, हे सारे नोंदलेले असते. कोकणातल्या घरांतून ठासणीच्या बंदुकीपुढे कारण लिहिलेले असते पिकाचे रक्षण. रानडुकरे आणि वानरे, गनीम नव्हे! वंशजांना हा शब्द उणा वाटतो. आम्हांला तो विश्वसनीय वाटतो, कारण लिहिणाऱ्या कारकुनाला त्या घराच्या पराक्रमाशी काहीच कर्तव्य नव्हते.

आजचा कायदा १९५९चा, अमलात आला १९६२ साली. २०१९च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आली, आणि वारशाने येणारे शस्त्रही त्या मर्यादेतच बसावे लागते. धारक वारला की हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचे, इतर वारसांची संमती मिळवायची आणि मग परवान्यासाठी अर्ज करायचा. दुरुस्त करूनही चालणार नाही अशा जुनाट किंवा पुराणवस्तूच्या मोलाच्या हत्याराला कायद्याच्या ४५व्या कलमात सवलत आहे. पण ते चालणार नाही हे ठरवणे घरच्यांच्या मताचे काम नव्हे. एवढी यातायात नको म्हणून पुष्कळ वारस बंदूक सरकारजमा करून मोकळे होतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. वाईट एवढेच की बंदुकीबरोबर जुने परवानेही रद्दीत जातात. वस्तू गेली तरी कागद ठेवायला कोणतीच आडकाठी नसते, हे कोणी त्यांना सांगत नाही.

म्हणून जमा करण्यापूर्वी चार गोष्टी कराव्यात असे आम्ही सुचवतो. ती भरलेली नाही याची खात्री जाणकाराकडून करून घ्यावी. ठासणीच्या नळीत कित्येक वर्षांचा बार तसाच राहिलेला असू शकतो. दोन्ही बाजूंची, शिक्क्यांची आणि नळीच्या तोंडाची छायाचित्रे काढावीत, लांबी आणि नळीचा व्यास मोजून लिहावा. परवान्याचे प्रत्येक पान, नूतनीकरणाच्या शिक्क्यांसह, उतरून घ्यावे. आणि घरात सांगतात ती हकीकत, कितीही अशक्य वाटली तरी, सांगणाऱ्याच्या नावासह आणि सालासह वेगळ्या कागदावर लिहावी. मोजमापात ती मिसळू नये आणि मोजमाप निघाले म्हणून ती खोडू नये. खंडेनवमीला हळदकुंकू जरूर वाहावे, पण विटकरीच्या भुकटीने नळी घासून लख्ख करण्याची जी रीत आहे ती मात्र सोडावी. आजवर किती शिक्के या भक्तीने पुसले गेले असतील!