मॉडेल ग्लायडरचे पंखनियंत्रण

मॉडेल ग्लायडरचे पंखनियंत्रण : रेडिओनियंत्रित मॉडेल ग्लायडरच्या पंखांवरील हलते भाग कोणत्या आज्ञेला, किती प्रमाणात आणि कोणाच्या जोडीने हलावेत, हे ट्रान्समीटरमध्ये आधीच ठरवून ठेवण्याची पद्धत. तिची गरज माणूस बसणाऱ्या ग्लायडरशी तुलना केल्यावर कळते. पुण्यात हडपसर येथे नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाचे ग्लायडिंग केंद्र आहे. तेथील ग्लायडरमध्ये बसलेला वैमानिक वळताना हाताने स्टिक आणि पायाने रडर एकदम चालवतो, तर उतरताना दुसऱ्या हाताने एअरब्रेक उघडतो. हा मेळ सरावाने अंगवळणी पडतो. मॉडेल उडवणारा जमिनीवर उभा असतो. वाऱ्याचा दाब त्याच्या हाताला जाणवत नाही आणि कामाला मुख्यतः दोन अंगठे असतात. म्हणून हा मेळ त्याला उड्डाणापूर्वी ट्रान्समीटरमध्ये लिहून ठेवावा लागतो. या लिखाणाच्या एकेका ओळीला ‘मिक्स’ म्हणतात.

पार्श्वभूमी : सुरुवातीच्या रेडिओसंचांत एक स्टिक म्हणजे एक सर्व्हो (हलता भाग फिरवणारी छोटी मोटर) असा सरळ हिशेब होता. दोन आज्ञा एकाच भागाला द्यायच्या तर सरकत्या पट्टीवर सर्व्हो बसवून त्या यांत्रिकपणे जोडाव्या लागत. १९८० च्या दशकापासून ट्रान्समीटरमध्ये मायक्रोप्रोसेसर आले आणि ही बेरीज आकड्यांनी होऊ लागली. २००५ नंतर २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील संच रूढ झाले. त्यापूर्वी प्रत्येकाची वारंवारता स्फटिकाने ठरलेली असे आणि एकाच वारंवारतेची दोन मॉडेल एकाच वेळी उडवता येत नसत. भारतात २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील कमी शक्तीच्या उपकरणांना २००५ सालच्या नियमांनी परवान्यातून सूट मिळाली. पुढे ओपनटीएक्स आणि त्यातून निघालेली एजटीएक्स या मुक्त संगणकप्रणाल्या आल्या. त्यांच्यामुळे पूर्वी महागड्या संचांपुरती असलेली मिक्सची मोकळीक स्वस्त ट्रान्समीटरमध्येही मिळू लागली.

पंखांवरील भाग : पूर्ण सज्ज ग्लायडरमध्ये सहा सर्व्हो असतात. पंखांच्या टोकांकडे दोन एलेरॉन, मुळाशी दोन फ्लॅप आणि शेपटीवर एलेव्हेटर व रडर. हाताने गरगरवून फेकायच्या लहान ग्लायडरमध्ये (स्पर्धावर्ग एफ३के, पंखविस्तार जास्तीत जास्त १.५ मी.) स्वतंत्र फ्लॅप नसतात. तेथे एलेरॉनची पट्टी पंखाच्या बऱ्याच लांबीवर असते आणि फ्लॅपचे कामही तीच करते.

आज्ञेचा प्रवास : रिसीव्हर प्रत्येक सर्व्होला साधारण दर २० मिलिसेकंदांनी एक स्पंद पाठवतो. स्पंदाची लांबी १.५ मिलिसेकंद असली तर सर्व्हो मध्यावर राहतो. १ किंवा २ मिलिसेकंदांच्या आसपास तो टोकाला जातो. ओपनटीएक्समध्ये उणे १०० ते अधिक १०० ही मर्यादा ९८८ ते २०१२ मायक्रोसेकंदांशी जुळते. स्टिकपासून सर्व्होपर्यंत आज्ञेचे तीन टप्पे होतात. ‘इनपुट’मध्ये स्टिकची तीव्रता आणि मध्याजवळचा मऊपणा ठरतो, ‘मिक्स’मध्ये वेगवेगळ्या आज्ञांची बेरीज होते, ‘आउटपुट’मध्ये सर्व्होची दिशा, मध्य आणि टोके ठरतात.

या टप्प्यांची कामे वेगळी ठेवणे हा सगळ्या मांडणीचा पाया आहे. आउटपुटचे काम एवढेच की डाव्या-उजव्या सर्व्होंतील, पुशरॉडच्या (सर्व्होची चाल भागापर्यंत नेणाऱ्या काडीच्या) लांबीतील आणि हॉर्नच्या (ती काडी जोडायच्या तरफेच्या) बसवणीतील फरक नाहीसे व्हावेत आणि एकच आकडा दिला असता दोन्ही भाग सारखेच हलावेत. उड्डाणाचे गुण मिक्समध्येच लिहायचे. उड्डाणातील दोष आउटपुटचा मध्य सरकवून झाकला, तर त्या चॅनेलमधून जाणाऱ्या सगळ्याच आज्ञा बिघडतात आणि दोष नेमका कशाचा हे शोधणे अवघड होते.

मुख्य मिक्स : (१) डिफरन्शियल. खाली गेलेला एलेरॉन त्या पंखाची उचल वाढवतो, तसा ओढही वाढवतो. त्यामुळे नाक वळणाच्या उलट दिशेला जाते. लांब, अरुंद पंखाच्या ग्लायडरमध्ये हा दोष विशेष जाणवतो. उपाय म्हणून एलेरॉन वर जास्त आणि खाली कमी नेतात. डिफरन्शियल ५० टक्के असेल, तर वर २० मि.मी. जाणारा भाग खाली १० मि.मी. जातो.

(२) एलेरॉन–रडर. एलेरॉनच्या आज्ञेबरोबर रडरही काही प्रमाणात वळतो. प्रमाण जास्त झाले की ग्लायडर बाजूला घसरत वळतो. म्हणून ते उड्डाणात पाहूनच ठरवतात आणि स्विचने बंद करण्याची सोयही ठेवतात.

(३) कॅम्बर. चारही भाग एकदम दोन-तीन मि.मी. खाली आणले की पंखाचा बाक वाढतो आणि थर्मलमध्ये (वर चढणाऱ्या उष्ण हवेच्या प्रवाहात) सावकाश घिरट्या घालता येतात. एक-दोन मि.मी. वर नेले की ओढ घटते आणि वेगाने पुढे सरकता येते.

(४) स्नॅप-फ्लॅप. एलेव्हेटर ओढल्यावर फ्लॅप थोडे खाली येतात. त्यामुळे झटक्याच्या वळणात पंखाला जादा उचल मिळते. उतारावरील वेगाच्या उड्डाणात याचा उपयोग होतो.

(५) क्रो किंवा बटरफ्लाय. बहुतेक स्पर्धा-ग्लायडरांना वेगळे एअरब्रेक नसतात. उतरताना फ्लॅप ६० अंश किंवा त्याहून खाली आणि एलेरॉन वर नेऊन ओढ निर्माण करतात. ही आज्ञा सहसा थ्रॉटलच्या स्टिकवर ठेवतात. फ्लॅप उघडताच नाक वर उठते, म्हणून एलेव्हेटरला खालची भरपाई द्यावी लागते. ही भरपाई सरळ प्रमाणात चालत नाही. फ्लॅपच्या पहिल्या हालचालीत ती झपाट्याने लागते आणि पुढे तिची वाढ मंदावते. त्यामुळे तिच्यासाठी पाच बिंदूंचा वक्र आखतात.

मर्यादेचा प्रश्न : मिक्स ही बेरीज असल्यामुळे ती टोकाला अडते. एलेरॉन वर जाण्याची दिशा अधिक मानली आणि क्रोने दोन्ही एलेरॉन अधिक ६० वर नेले, तर त्यावर वळणाची पूर्ण १०० ची आज्ञा दिल्यावर एका बाजूचा हिशेब १६० येतो. सर्व्हो मात्र १०० वरच थांबतो. वर जाणाऱ्या एलेरॉनला हलायला ४० उरतात. डिफरन्शियल तसेच राहिले तर दुसऱ्या बाजूची खालची हालचालही अपुरी पडते. परिणामी जमिनीजवळ, जेथे ताबा सर्वांत जास्त हवा, तेथेच ग्लायडर वळणाला दाद देत नाही. म्हणून क्रो वाढेल तसे डिफरन्शियल कमी करत शून्यावर आणतात आणि एलेरॉनची वरची चाल बेताची ठेवतात.

फ्लॅपच्या बाबतीत अशीच अडचण यंत्रजोडणीत येते. त्याला खाली जवळजवळ काटकोन लागतो, पण वर जेमतेम काही मि.मी. सर्व्होच्या मध्यावर फ्लॅप सरळ ठेवला तर अर्धी चाल वाया जाते. त्यामुळे सर्व्हो मध्यावर असताना फ्लॅप मुद्दाम बराच खाली राहील अशी पुशरॉडची लांबी ठरवतात आणि सरळ स्थिती आकड्याने मिळवतात.

उड्डाणस्थिती : प्रक्षेपण, गती, सामान्य, थर्मल आणि उतरणे अशा स्थिती स्विचवर ठेवतात. प्रत्येकीत कॅम्बर, डिफरन्शियल आणि ट्रिम वेगळे असू शकतात. ओपनटीएक्समध्ये अशा नऊ स्थितींची सोय आहे. एका स्थितीतून दुसरीत जाताना भाग एकदम उडू नयेत म्हणून अर्ध्या ते एका सेकंदाचा संथ बदल ठेवतात. स्पर्धेचे नियमही मांडणीवर परिणाम करतात. मोटर असलेल्या ग्लायडरांच्या एफ५जे स्पर्धावर्गात मोटर जास्तीत जास्त ३० सेकंद चालवता येते आणि गाठलेल्या उंचीचे गुण कापले जातात. त्यामुळे कमी उंचीवरून दहा मिनिटे टिकण्यासाठी थर्मलच्या स्थितीवर सर्वाधिक मेहनत घेतात.

मांडणीचा क्रम : प्रथम रिकाम्या मॉडेलमध्ये सगळे सर्व्हो मध्यावर आणून हॉर्न बसवतात. मग दिशा, मध्य आणि टोके मोजपट्टीने जुळवतात. त्यानंतर एलेरॉन व एलेव्हेटर यांचे साधे मिक्स, मग कॅम्बर आणि शेवटी क्रो. गुरुत्वमध्य व ट्रिम उड्डाणात निश्चित झाल्यावरच क्रोची भरपाई पुरेशा उंचीवर तपासतात. प्रत्येक उड्डाणापूर्वी मॉडेलच्या मागे उभे राहून उजव्या आज्ञेला उजवा एलेरॉन वर जातो का, हे पाहतात. उलटा एलेरॉन हे पहिल्या उड्डाणातील अपघाताचे नेहमीचे कारण आहे.

पुणे परिसर : शहराची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मी. आहे. मे महिन्यातील ३८ अंश सेल्सिअसच्या दुपारी येथील हवेची घनता समुद्रसपाटीवरील प्रमाण हवेपेक्षा सुमारे १३ टक्के कमी भरते. त्यामुळे तेवढीच उचल मिळण्यासाठी ग्लायडरला सुमारे ७ टक्के जास्त वेग लागतो. जमिनीवरून पाहताना तो उतरताना घाईत आल्यासारखा दिसतो. थंड सकाळी जुळवलेला क्रो दुपारी पुन्हा तपासण्याचे कारण हेच. उन्हाळ्यात तापलेल्या माळांवर जोमदार थर्मल उठतात आणि पंख न हलवता घिरट्या घालणारी घार ही त्यांची ओळखीची खूण. पश्चिमेकडे मावळात कामशेतजवळचे डोंगर पॅराग्लायडिंगसाठी प्रसिद्ध आहेत. अशा उतारावर वारा वर ढकलला जात असल्याने कॅम्बर कमी आणि स्नॅप-फ्लॅप जास्त, अशी मांडणी सोयीची ठरते. एरोमॉडेलिंगची ओळख अनेक विद्यार्थ्यांना राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेत होते. तारा, कनेक्टर, सोल्डर असे किरकोळ सामान बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत मिळते.

नियम व सुरक्षितता : ड्रोन नियम, २०२१ नुसार २५ किलोग्रॅमपर्यंत वजनाचे, शिक्षण, संशोधन, चाचणी किंवा करमणुकीसाठी आणि केवळ नजरेच्या टप्प्यात उडवलेले मॉडेल ही स्वतंत्र व्याख्या आहे आणि त्याला प्रकार-प्रमाणपत्राची अट नाही. हवाई क्षेत्राची बंधने मात्र लागू राहतात. विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरपर्यंत जमिनीपासूनच, तर ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांच्या वर नियंत्रित क्षेत्र मानले जाते. लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा असून शहराचा मोठा भाग या अंतरांत येतो. त्यामुळे उडवण्यापूर्वी डिजिटल स्काय नकाशा पाहणे आवश्यक ठरते. सिग्नल तुटल्यास काय व्हावे, हेही प्रोग्रॅमिंगचाच भाग आहे. ग्लायडरला मोटर बंद करणे पुरत नाही, कारण शेवटच्या स्थितीत अडकलेला ग्लायडर थर्मलमध्ये शिरून दूर वाहत जाऊ शकतो. म्हणून फेलसेफमध्ये मोटर बंद, क्रो काही प्रमाणात उघडा आणि रडर किंचित वळवलेला ठेवतात. असा ग्लायडर संथ घिरट्या घेत जवळपासच खाली येतो.